काकांचे चांदीचे सूर्य

हे मी रचून सांगत नाहीये. माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या बाबतीत घडलंय. आणि ताई भुताखेतांच्या गप्पांना हसणारी बाई आहे.

रविवार होता. भर दुपार. त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली.

काका, म्हणजे ताईचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. जीव मात्र जुन्या रोमन नाण्यांत. चांदीची, अंगठ्याच्या नखाएवढी. प्रत्येकावर सूर्यदेव, डोक्याभोवती किरण. "त्यांचा काळपटपणा घासायचा नाही. ते त्यांचं वय आहे," असं काका सांगायचे.

काका गेले, आणि महिन्याच्या आतच...

ताई खोलीत आली, तर तिचा भाऊ दंतमंजन लावून नाणी घासत बसलेला.

"चकचकीत केली की गिऱ्हाईक लवकर मिळेल," तो म्हणाला.

"बाबांचा चष्मा अजून टेबलावर आहे, आणि तू दुकान मांडलंस?" ताईचं डोकंच फिरलं.

तेवढ्यात... खुर्ची करकरली.

काकांची खुर्ची. रिकामी.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. खालच्या रस्त्याचाही नाही...

मग टेबलावर कुणीतरी मूठ आपटली. नाणी उडून विखुरली.

"हात काढ."

आवाज काकांचाच. पण इतका चढलेला आवाज त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

भाऊ अनवाणीच जिना उतरला.

ताई पळाली नाही. भीतीच्याही वर राग चढला होता.

सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, दिरानं चारचौघांत नाही नाही ते सुनावलं, तेव्हा काका तिथंच बसले होते. चकार शब्द काढला नाही. घरी येऊन "जाऊ दे, बाळा" म्हणाले, आणि नाणी बघायला भिंग डोळ्याला लावलं.

ती खुर्चीकडे बघून म्हणाली, "म्हणजे आवाज होता तुम्हाला. माझ्या वेळी कुठे गेला होता, बाबा? मी चांदीची नव्हते म्हणून?"

खुर्चीत कुणीतरी रडून नाक ओढल्यासारखं झालं. दार हळूच उघडलं. पंख्याचा आवाज परत आला.

तिनं टेबलाकडे पाहिलं.

विखुरलेली नाणी ओळीत लागली होती. सगळी पालथी. एकाही सूर्याचं तोंड वर नव्हतं.

भाऊ आता त्या खोलीत पाय ठेवत नाही. नाणी तशीच आहेत. परवा त्या खोलीत मी ताईला विचारलं, "सुलटी का करत नाहीस?"

"ज्यानं तोंड लपवलं, त्यानंच दाखवावं."

राग अजून उतरलेला नाही तिचा. पण खोलीतून बाहेर येताना ती खुर्चीकडे पाठ करत नव्हती... उलट्या पावलांनी आली.