भानावर असल्याचा दाखला

मृत्युपत्रं करून देण्यात माझी उभी हयात गेली. त्या कामात भीती वाटावी असं काही नसतं हो. असतात ती माणसं, त्यांची भांडणं आणि टाचणी लावलेले कागद. पण तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते. एकदा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

एका आजींना आपलं घर धाकट्या सुनेच्या नावे करायचं होतं. धाकटा मुलगा गेल्यावर त्या पोरीने सासू-सासऱ्यांचं सगळं केलं. पुढे सासरेही गेले. थोरला मुलगा घर विकायला टपलेला, आणि ‘आईला भ्रम झालाय’ असं चारचौघांत सांगत सुटलेला. म्हणून मी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना बरोबर नेलं. आजी भानावर आहेत असा त्यांचा दाखला जोडला, की थोरल्याची बोलती बंद. दाखला नाही मिळाला, तर सून रस्त्यावर.

जिला घर मिळणार ती सहीच्या वेळी खोलीत नको, हा माझा शिरस्ता. सुनेला बाहेर बसवून मी दार लोटलं. दुपारच होती, पण आभाळ भरून आल्याने आत अंधारलं होतं. वीज गेलेली, पंखा बंद, मलमाचा उग्र वास. आजी मोठ्या पलंगाच्या एका कडेला अंग चोरून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी वार विचारला, मुलांची नावं विचारली. आजींनी खडाखडा सांगितलं.

“या घरात आता कोण कोण असतं?”

“मी, सून... आणि हे.”

“हे म्हणजे?”

“हे म्हणजे हेच!” आजी हसल्या. “किती वर्षं तपासलंत यांना, विसरलात?”

मी आजींचा हात दाबला. “आजी, आजोबा गेले ना... नीट आठवून सांगा.”

“गेले ते मला ठाऊक नाही का? जाताना उशाशी मीच होते. पण असतात. सहीसाठी खोटं बोलू का, वकीलबाई?”

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावून टाकलं. मला रडूच यायचं बाकी होतं. ओशाळून की काय, ते म्हणाले, “छाती तरी बघतो,” आणि त्यांनी आजींच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला.

ते ऐकत राहिले... ऐकतच राहिले. मग त्यांनी तो पाठीवरून हळूच काढला आणि पलंगाच्या रिकाम्या बाजूला, नुसत्या हवेत धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नळ्या माझ्या कानांत घातल्या.

श्वास होता. जड, दम्याचा. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शीळ... मी श्वास रोखला. तो चालूच राहिला.

“ही छाती मी विसरेन का?” डॉक्टर पुटपुटले. मग त्या रिकाम्या जागेला, पेशंटला सांगावं तसं म्हणाले, “वाकून बसू नका... ताठ बसा.”

शीळ कमी झाली. देवाशप्पथ सांगते, भीती कुठल्या कुठे गेली. देव्हाऱ्यापुढे उभं राहिल्यासारखं वाटलं मला, हात आपोआप जोडले गेले. डॉक्टरांनी दाखला लिहिला: आजी पूर्ण भानावर आहेत, पाहिलेलंच सांगतात.

राहिली सही. आजींचा हात इतका कापत होता, की पेन कागदावर टेकेना. मी अंगठ्यासाठी शाईची डबी शोधू लागले.

“थांबा... धरलाय त्यांनी,” आजी म्हणाल्या.

हात स्थिर झाला. आजींनी सावकाश, ठसठशीत सही केली. मग आम्ही दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, आणि मी सुनेला हाक मारायला वळणार, तोच डॉक्टरांनी मला कोपराने खुणावलं.

आजींच्या सुजलेल्या मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचा असे खळगे उमटले होते, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू भरून येत होते. डॉक्टरांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या. एवढा मोठा पंजा आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.