काकूंचा दिवा लागत नाही

दुपारी फोन वाजला तेव्हा तिच्या दोन्ही हातांना मेण लागलेलं होतं. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवायचे, आणि ती घरातल्याच एका खोलीत बसून त्यांवर एकेक दात बसवायची. तिनं कोपरानं फोन उचलला. पलीकडून कुणा पुरुषाचा आवाज आला, "कवळ्या करतात ते तुम्हीच ना?"

"हो. पण या आठवड्यात नवीन काम घेत नाही."

"मला कवळी नकोय," तो म्हणाला. "मला माझी आई हवीय."

मग त्यानं घाईघाईनं सांगितलं ते असं. तो तिच्याच शेजारच्या काकूंचा मुलगा; आजवर दोघांची गाठ पडलेली नव्हती. इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचं काम करायचा आणि सध्या त्याच कामासाठी परगावी होता. आईला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिच्या खुर्चीजवळचा दिवा त्यानं एका स्मार्ट प्लगवर लावला होता. तो मोबाइलवरून दिवा लावायचा, उजेड पडला की आई फोन हातात घ्यायची, आणि पडद्यावर ओठ वाचत दोघं बोलायची. काल दुपारपासून प्लग वायफायवर दिसतच नव्हता. त्यामुळे आईही पडद्यावर येत नव्हती. शेजारच्या दारावरची कवळ्यांची पाटी आणि तिच्यावरचा नंबर त्याला आठवला, तेवढाच आधार.

ती तशीच मेणाच्या हातांनी शेजारी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू खिडकीपाशी बसून निवांत मटार सोलत होत्या.

"दिवा लागला नाही," काकू म्हणाल्या. त्या बोलायच्या मोठ्यानं, पण समोरच्याचे ओठ दिसले की सगळं कळायचं त्यांना. "म्हटलं, कामात असेल पोरगा."

तिनं व्हिडिओ सुरू करून फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर डोक्याला हेल्मेट, गालाला ग्रीस असा एक माणूस होता. आई दिसल्याबरोबर त्यानं डोळे मिटून घेतले. तिला उगाचच त्याच्याकडे बघत राहावंसं वाटलं. मग तिनं नजर मटारांकडे वळवली.

त्या दिवशी प्लग काढून परत लावला आणि तो चालू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वायफायवरून गळाला, आणि एकदा गळाला की आपणहून परत जोडला जाईना.

मग दुरुस्तीचा सपाटाच सुरू झाला. तो फोनवरून सांगायचा, ती करायची. राउटर लोखंडी कपाटावरून खाली आणला. बंद करून पुन्हा चालू केला. प्लगला वायफायचा एकच जुना पट्टा, म्हणजे बँड, कळतो आणि राउटर दोन्ही पट्टे एकाच नावानं देतो, असं त्यानं शोधून काढलं. तिनं दोन्हींना वेगळी नावं दिली. बारीक दिवा भराभर लुकलुकेपर्यंत प्लगचं बटण दाबून धरलं आणि काकूंच्या मोबाइलवरून तो नव्यानं जोडला. प्रत्येक उपाय सकाळपर्यंत टिकायचा. दुपार झाली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

"तुम्हाला फार त्रास होतोय," तो म्हणायचा.

"दातांपेक्षा कमी," ती म्हणायची.

प्लगचं बोलणं संपलं तरी फोन बंद व्हायचा नाही. दारात कुणी हात घातला तर लिफ्टला ते कसं कळतं, हे त्यानं सांगितलं. माणसाचे खरे दात कधीच एका रेषेत नसतात, म्हणून कवळीतला एखादा दात मुद्दाम तिरका बसवावा लागतो, हे तिनं सांगितलं. तो म्हणाला, "माझा पुढचा एक तिरका आहे."

"माहितेय," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

पलीकडून नुसतं हसू ऐकू आलं.

पुढे तिला ताप आला. कामाची खोली बंद राहिली. काकू पेज घेऊन आल्या आणि दिवा अगदी शहाण्यासारखा वागतोय, असं आनंदानं सांगून गेल्या. चांगलीच गोष्ट होती. फोन मात्र आला नाही. तापात पडल्या पडल्या ती फोन उचलून बघायची, चार्जिंग आहे का म्हणून. चार्जिंग भरपूर असायचं.

बरी झाल्यावर तिनं पहिलंच काम काढलं. रोज दुपारी ठेवायची तसे ओले साचे वाळवायला जुन्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवले, बटण दाबलं. आतली थाळी फिरत होती तोवरच फोन वाजला. प्लग गेला होता.

ती मायक्रोवेव्हकडे बघत राहिली. तो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्या भिंतीच्या पलीकडे काकूंची खुर्ची, आणि खुर्चीमागे प्लग. मायक्रोवेव्ह चालला की वायफायच्या त्याच जुन्या पट्ट्यात अडथळा येतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

त्याला सांगावं की नाही, असं एकदा तिच्या मनात आलं. सांगितलं की बिघाड संपला, आणि बिघाड संपला की... पण पलीकडे एक बाई न लागलेल्या दिव्याशेजारी बसून पोराची वाट बघत होती. तिनं सांगून टाकलं. शेजारी जाऊन प्लग पुन्हा लावला, परत येऊन मायक्रोवेव्ह सुरू केला. तो तिकडून बघत होता. प्लग दिसेनासा झाला. दोनदा करून बघितलं, दोन्हीदा तेच.

"म्हणजे माझ्यामुळेच होत होतं," ती म्हणाली. "आजच हलवते त्याला. पार स्वयंपाकघरात, दुसऱ्या टोकाला."

"हो. हलवा..." तो थांबला. "म्हणजे आता बिघाड नाही."

"नाही."

"बरं झालं."

"बरंच झालं."

दोघांनीही फोन ठेवला, आणि दोघंही आपापल्या जागी वेड्यासारखी बसून राहिली. निदान ती तरी राहिली. त्याचं तिला कुठून कळणार?

त्यानंतर दुपारी फोन येईना. दिवा वेळेवर लागायचा, काकूंचं मोठ्यानं बोलणं भिंतीतून ऐकू यायचं. एकदा तर स्पष्टच ऐकू आलं, "तोंड का पाडून बसलास? जेवला नाहीस का?" ती हातातला दात धरून तशीच थांबली.

लिफ्टचं काम पुरं झालं आणि तो घरी आला. संध्याकाळी काकूंनी तिला चहाला बोलावलं. प्रत्यक्षात तो पडद्यावरच्यापेक्षा उंच होता आणि बराच अवघडलेला. चहा झाला, प्रवासाचं झालं. मग तो उठून खिडकीपाशी गेला आणि दोघींकडे पाठ करून म्हणाला,

"आईचा दिवा बंद पडावा असं कुठल्या मुलाला वाटेल? मला वाटायचं... रोज दुपारी. प्लग ठीक दिसला की वाईट वाटायचं. लाज वाटायची, तरीही वाटायचं."

काकूंना त्याचे ओठ दिसले नव्हते. त्यांनी तिच्याकडे बघितलं. "काय म्हणतोय गं?"

तिनं कप खाली ठेवला. काकूंना नीट दिसेल असा चेहरा वळवला. "ते म्हणतात... प्लग पुन्हा बिघडावा असं त्यांना वाटत होतं."

"का?"

तिनं खिडकीकडे बघितलं. तो वळला होता. कान लाल झालेले, पण नजर सरळ तिच्यावर. "तुझा आवाज ऐकायला," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"माझा आवाज ऐकायला," तिनं काकूंना सांगितलं. एवढे सोपे शब्द, पण ओठांना जड गेले.

"मग नुसताच फोन करायचा," काकू म्हणाल्या. "एवढ्या लिफ्टा चढवतोस, एक फोन जमत नाही? आणि तुझं गं काय म्हणणं आहे?"

ती काकूंकडेच बघत राहिली. पण बोलली ते त्याला ऐकू जाईल असं, स्वच्छ.

"मी रोज वाट बघत होते."

खिडकीपाशी कुणीतरी रोखलेला श्वास सोडला. काकूंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, रिकामे कप एकात एक घातले आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"बसा बोलत," जाता जाता त्या म्हणाल्या. "मला तसंही काही ऐकू येत नाही."