फिका गुलाबी

थेंबीचं सगळं वर्ष एका गुलाबी रंगापायी वाया गेलं होतं, आणि तोही धड गुलाबी नव्हे, फिका.

खरं तर प्रयोग सोपा. काचेच्या फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलिन टाकायचं आणि वरच्या ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडत फ्लास्क हलवत राहायचा. आम्ल संपलं की आत फिका गुलाबी रंग येतो. तो जरा वेळ टिकला की थांबायचं आणि ब्युरेटच्या नळीवरचा आकडा वाचायचा. कोणालाही जमेल. थेंबीचा रंग मात्र मागच्या वर्षी ऐन परीक्षेत टिकेना, म्हणून ती आणखी एक थेंब, आणखी एक थेंब करत राहिली आणि नापास झाली. थेंबी हे नाव वर्गाने तिला तेव्हाच चिकटवलं.

यंदाही दांडी उडाली तर शिक्षण बंद, असं बाबांनी जेवताजेवता शांतपणे सांगून टाकलं होतं. काकांच्या लाँड्रीत कपड्यांना नंबराच्या चिंध्या टाचायला माणूस हवंच होतं.

आणि यंदाही तेच. रंग यायचा आणि डोळ्यांदेखत उडायचा.

“श्वास सोडू नकोस त्यावर,” सर म्हणाले. सर उंच आणि किडकिडीत, म्हणून पोरांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बारीक नळीवरून त्यांचं नाव पिपेट ठेवलं होतं. “श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्याचं आम्ल होतं, रंग जातो. तोंड लांब ठेव.”

थेंबीने तोंड लांब ठेवलं. नाकाला रुमाल बांधला. पाणी उकळून त्यातली हवा घालवली, मग वापरलं. रंग उडायचा तो उडालाच.

“सर, मी श्वासच घेत नाहीये!”

“मग बोलतेस कशी?”

वर्ग खिदळला. थेंबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण होती, चष्मिश. तिचा रंग कसा गुणी बाळासारखा टिकायचा. एकदा दोघींनी टेबलं बदलली, ब्युरेटसकट. चष्मिशचा रंग टिकला. थेंबीचा तिथेही गेला.

“तुझ्या हातातच काहीतरी आहे बाई,” चष्मिश म्हणाली.

“हातात कसलं, नशिबात आहे,” थेंबी करवादली.

एका दुपारी तास संपल्यावर सरांनी तिला सरावाला थांबू दिलं. रंग आला तशी ती फ्लास्क टेबलावर ठेवून पार भिंतीला टेकली, हाताची घडी घातली आणि बघत बसली. आता बोला, म्हणावं, कोणाचा श्वास ते.

रंग एकदम गेला नाही. थोडा विरळ झाला आणि थांबला. पुन्हा विरळ झाला, पुन्हा थांबला. धाकटी बहीण शेजारी झोपलेली असली की तिचं पोट असंच हलायचं, संथ, एका लयीत.

थेंबी पुढे झाली आणि तिने फ्लास्कच्या तोंडावर तळहात ठेवला. काच गार होती. उचललेला तळहात मात्र कोमट होता, आणि ओलसर. तिने तो ॲप्रनला पुसला. मग आणखी एकदा पुसला.

सांगणार कोणाला? पिपेटने लगेच बाष्पीभवनाचा धडा उघडला असता.

परीक्षेच्या दिवशी तिने रबरी बूच खिशात घालून नेलं. रंग आल्याबरोबर ते फ्लास्कवर घट्ट दाबून बसवलं. आता बाहेरून कोणाचा श्वास आत जायचं कामच नव्हतं.

बुचाखाली रंग विरळ झाला. थांबला. विरळ झाला.

खरं तर तिने घाबरायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे त्या चिंध्या नाचत होत्या आणि तिला आली ती नुसती चीड. घरी बहिणीवर खेकसावं तशी ती दातओठ खात फ्लास्कवर वाकली.

“ए, जरा श्वास रोखून धर ना! एवढंही जमत नाही?”

रंग थांबला.

तिने बूच काढून एक थेंब टाकला, परत लावलं. फिका गुलाबी रंग आला आणि राहिला. सरांनी येऊन पाहिलं, ब्युरेट वाचली आणि चक्क “शाब्बास” म्हणाले. थेंबी उड्या मारतच घरी गेली.

निकालाच्या आधी सरांनी तिला बोलावून घेतलं. दुसरी तुकडी नुकतीच काम उरकून गेली होती. त्या तुकडीचे फ्लास्क टेबलांवर ओळीने थेट दारापर्यंत मांडलेले होते, कोणाचा रंग फिका, कोणाचा भडक. सरांच्या पुढ्यात थेंबीचा फ्लास्क होता, बूच लावलेला. गुलाबी.

“परीक्षेपासून हा असाच आहे,” सर म्हणाले. “कसला रंग कालवलास यात? खरं सांग, नाहीतर तुझा निकाल मी पुढे पाठवणार नाही.”

“काही नाही घातलं सर. आईशप्पथ.”

“मग उडत का नाही? वर्षभर तर उडत होता!”

थेंबी फ्लास्ककडे बघत राहिली. रोखून धर, असं तिने सांगितलं होतं. सोड म्हणून सांगायचं राहूनच गेलं होतं.

“उडाला तर पाठवाल?”

“उडव की.”

ती वाकली. या वेळी तिचा आवाज अगदी हळू होता.

“सोड आता.”

रंग गेला.

“बघ!” सर सुटकेने म्हणाले. “बूच सैल असणार. शेवटी हवेतलाच कार्बन डायऑक्साइड.” त्यांनी पेन काढलं आणि निकालाच्या कागदावर सही करायला वाकले. “पास.”

थेंबीचं तिकडे लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या फ्लास्कचा रंग गेला होता. मग त्याच्या पुढच्याचा. फिके गेले, भडक गेले, एकामागून एक, सावकाश, दारापर्यंत. इतके दिवस रोखलेला श्वास सोडायला वेळ लागतो.

दाराजवळचा शेवटचा फ्लास्कही पाण्यासारखा झाला. तिच्या फ्लास्कचं बूच घट्टच होतं.

श्वास सोडल्यावर माणूस परत घेतो. थेंबी वाट बघत उभी राहिली.

पंखा बंद होता, खिडक्याही बंद होत्या. सरांच्या हाताखालच्या कागदाचं टोक अलगद उचललं गेलं आणि फ्लास्ककडे वळलं.