चिटणिसांना पत्र कोणी पाठवायचे?

"सूनबाई, मोठ्या माणसाच्या पाठीमागं कुजबुज करू नका. भाऊ काही बोलत नाहीत, पण मनाला लावून घेतात हो!"

स्वयंपाकीण आवडाबाईंनी भाकरी थापता थापता बजावले, तेव्हा सुहासिनीने ते हसण्यावारी नेले होते. "अहो, आनंदाचीच कुजबुज आहे ती! कळेल त्यांना रविवारी."

तान्हे जरा खोकले की त्याच्या छातीला कान लावून बसणारी, दोन वर्षे कॉलेजात शिकलेली, डोळ्यांत तेल घालून घर सांभाळणारी सुहासिनी… आणि सासऱ्यांचा उतरत चाललेला चेहरा मात्र तिला दिसला नाही!

तिचे सासरे भाऊ म्हणजे ठाणे-कल्याणकडच्या वृत्तपत्रकर्त्यांच्या मंडळीचे बिनपगारी चिटणीस. बारा वर्षे नऊ संपादकांना एकत्र बांधून ठेवले ते त्यांनीच. मंडळीचा रिवाजच पडून गेला होता, की भाऊंच्या हातचे पत्र आले म्हणजे सभा, नाही आले तर नाही. चार वर्षांपूर्वी कल्याणच्या गुरुदत्तपंतांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात सहा महिन्यांची कैद झाली, तेव्हा भाऊंनी स्वतःचे साप्ताहिक थांबवले आणि दर आठवड्याला कल्याणास जाऊन पंतांचे वृत्तपत्र काढले. पंत सुटले, त्यांचे वृत्तपत्र जगले. भाऊंचे मात्र पुन्हा उभे राहिले नाही. संपादकाच्या ज्या खुर्चीत पुढे त्यांच्या मुलाने, प्रभाकरने, बसायचे, ती खुर्चीच गेली! सुहासिनीचा हा नवरा कलेक्टर कचेरीत कारकून झाला आणि तेव्हापासून बापलेकांचे बोलणे 'जेवायला चला' एवढ्यावर आले.

सुहासिनीच्या काळजाला ते घरे पाडत असे. लग्नानंतरही तिने कॉलेजात जावे म्हणून सगळ्या आळीशी वैर पत्करणारा हा देवमाणूस… त्याच्या अंतःकरणातली ही वेदना कोण दूर करणार? म्हणूनच, 'भाऊंचा सत्कार करायचा, पण त्यांना कळू द्यायचे नाही' असे गुरुदत्तपंत म्हणाले, तेव्हा मानपत्र लिहायला तीच हौसेने पुढे झाली.

रविवार उजाडला. वाचनालयाचा दिवाणखाना झाडूनपुसून सजला. सुहासिनी बाळाला कडेवर घेऊन पोहोचली, तर आत गुरुदत्तपंत मांडीवर शाल घेऊन एकटेच बसलेले!

"बाकीची मंडळी कुठे आहेत?"

"तेच म्हणतो मी! तासभर झाला."

"पंत… पत्रे कोणी पाठवली?"

"पत्रे? मी कशाला पाठवू? पत्रे भाऊ पाठवतात!"

मागच्या सभेनंतर, भाऊ गेल्यावर, सगळ्यांनी सत्काराला एकमुखाने होकार दिला होता, आणि तारीख नेहमीप्रमाणे पत्राने कळेल, म्हणून जो तो स्वस्थ घरी बसला होता!

पंत पोट धरून हसू लागले. पण सुहासिनीला आवडाबाईंचे बोलणे आठवले. ती तशीच घरी धावली. ओटीवर प्रभाकर एक कागद हातात धरून उभा होता.

"वाच," तो म्हणाला.

'घरातली कुजबुज कानी आली. मंडळीने माझ्यापासून लपवून सभा ठरवली. बारा वर्षांत प्रथमच. याचा अर्थ न विचारता उमजून बाजूला व्हावे, हेच शोभते. दप्तराच्या किल्ल्या फडताळात आहेत. मी खडवलीस धाकट्या भावाकडे राहावयास जातो. प्रभाकराची खुर्ची मी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली, ती परत देता आली नाही. त्याने मनात ठेवू नये.'

"अहो, उभे काय राहिलात? टांगा बोलवा!" सुहासिनी बाळाला आवडाबाईंच्या हवाली करीत म्हणाली.

ठाणे स्टेशनच्या बाकावर भाऊ वळकटीशेजारी बसले होते. मुलाला पाहताच चपापले. "तुला कचेरी नाही का रे?"

"आज रविवार आहे, भाऊ," प्रभाकर कसाबसा म्हणाला.

सुहासिनीने धापा टाकत सगळी हकीकत सांगितली. भाऊ ऐकत राहिले… मग लहान मुलासारखे विचारते झाले, "म्हणजे मला काढून टाकले नाही?"

"काढणार कोण, मामंजी? काढायला सभा हवी, आणि सभेला तुमचे पत्र हवे!"

भाऊ असे हसले, की डोक्यावरचे पागोटे कलले! हसता हसता डोळे पाझरू लागले. "नऊ शहाणे! एकाला सुचू नये?… आण, कागद आण. येत्या रविवारची बोलावू. विषय काय घालू?"

"चिटणिसांचा सत्कार."

"छे छे! स्वतःच्या हाताने? लोक काय म्हणतील?"

तेव्हा प्रभाकरने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

"तू?… बरं. परशुरामपंतांचा मायना मोठा घाल हो. आखूड झाला तर रुसतात!"

दोन पत्रे झाली, तिसऱ्यावर पेन्सिल थांबली. "भाऊ, खुर्चीचे काय घेऊन बसलात! पंत कैदेत असताना तुम्ही दर आठवड्याला कल्याणास जात होता. मी एकदा… एकदासुद्धा तुम्हाला स्टेशनवर पोहोचवायला आलो नाही हो!"

"आज आलास ना, बाळा," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी चार वर्षांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला. खडवलीची गाडी आली आणि गेली. तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही!

पुढच्या रविवारी नऊच्या नऊ संपादक हजर झाले, नऊही खाली माना घालून! 'जिने लिहिले तिनेच वाचावे' असा भाऊंनी हट्ट धरला, म्हणून भरल्या सभेत सुहासिनीने मानपत्र वाचले. भाऊंच्या मांडीवरचे बाळ शालीचे गोंडे चघळत होते आणि प्रभाकर दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अत्तर लावीत होता.

वाचकहो, हल्ली सुहासिनी दुसऱ्या बाळंतपणासाठी डोंबिवलीस माहेरी आली आहे, आणि तिचा जीव मात्र ठाण्यात आहे. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेले, तर मंडळीच्या खोलीत जरा डोकावून या. जेवण झाले का, असे भाऊंना विचाराल तर 'झाले' म्हणतील. त्यांच्या शब्दावर जाऊ नका, बोटे पाहा. शाई ओली असेल, तर ते जेवलेले नाहीत… त्यांना उठवून घरी घेऊन जा.