टेरकेल बुंडगोरने मोडलेला रविवार

दोन माणसांना वीस किलोमीटर पाण्यापलीकडे, स्वीडनच्या काठावर पोहोचवायचं काम टेरकेल बुंडगोरने पत्करलं होतं. बोट स्वतःची होती, पाणी लहानपणापासून ओळखीचं होतं. अडचण एकच : निघायचं होतं रविवारी!

डेन्मार्कच्या त्या कोळीवाड्यात रविवारी कुणी जाळ्याला हात लावत नसे. टेरकेलच्या आज्यानेही लावला नव्हता. जर्मन शिपायांना हे पाठ झालं होतं. एरवी ते प्रत्येक बोट उलटीपालटी करून पाहत; रविवारी धक्क्यावर चिटपाखरू नसे, म्हणून तेही फिरकत नसत. म्हणूनच पाद्रीबुवांनी हा दिवस ठरवला. चर्चच्या माळ्यावर सहा ज्यू लपलेले, शेजारच्या गावात धरपकड सुरू झालेली. टेरकेल दोन दिवस पाद्रीबुवांशी भांडला आणि तिसऱ्या दिवशी कुरकुरत हो म्हणाला.

बोटीच्या पोटात दोघंच मावत. पहिल्या खेपेला म्हातारा शिंपी इसिडोर लेवितान आणि त्याची मुलगी मिना निघाली. चर्चमध्ये गाणं सुरू होताच टेरकेलने वल्ही मारत बोट बंदराबाहेर काढली, मग इंजिन चालू केलं. समोर दाट धुकं होतं.

"तांडेल, तोंड का पाडलंय?" इसिडोरने ताडपत्रीखालून डोकं काढलं.

"रविवार आहे, मास्तर."

"काल आमचा शनिवार होता, सुईला हात न लावायचा वार. मी दिवसभर तुमच्या पाद्रीबुवांचा कोट शिवत बसलो. मोडला की! आता तुम्ही मोडा. फिट्टंफाट!"

"डोकं आत घ्या," टेरकेल म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

तेवढ्यात धुक्यातून चर्चची घंटा आली. तीन ठोके, पुन्हा तीन, पुन्हा तीन. ही प्रार्थनेची घंटा. ती ऐकली की गावातला प्रत्येक कोळी असेल तिथे थांबतो. टेरकेलच्या हाताने आपसूक इंजिन बंद केलं, टोपी काढली, डोळे मिटले. डोळे उघडल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं! ते जुनं इंजिन गार पडलं, की स्टोव्हसारखा पेटणारा दिवा लावून त्याचं डोकं तापवावं लागे. आणि त्या दिव्याचा फरफराट लांबवर ऐकू जाई.

धुक्यात दुसरंच इंजिन धडधडलं. गस्तीची बोट! जवळ आली. आणखी जवळ! मिनाने बापाच्या तोंडावर हात दाबला. टेरकेलने श्वास रोखला. गस्तीच्या बोटीची लाट येऊन आदळली, बोट हेलकावली... आणि आवाज दूर गेला.

पण प्रवाह त्यांना उत्तरेला ओढत होता आणि तिकडे पाण्यात सुरुंग पेरलेले होते. दिवा लावायची सोय नव्हती. वारा उठला तसं टेरकेलने शीड चढवलं. पहिल्याच झोतात जुनं कापड टरकन फाटलं!

त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली. "माझी चूक, मास्तर. सवय नडली."

"सवयीचं नंतर बोलू. दोरा आहे का?"

टेरकेलने दाभण आणि सुतळी पुढे केली. म्हाताऱ्याने दाभणाकडे तुच्छतेने पाहिलं. "याने पोती शिवतात. मिना, कापड ताण!"

बोट आदळत होती, दाभण लागून बोटांतून रक्त येत होतं. म्हातारा ओकत होता आणि शिवत होता. अर्ध्या तासात शिवण पुरी झाली. एकसारखी, सरळ! शीड फुगलं. टेरकेलने सुकाणू आवळून धरलं आणि बोट पूर्वेला वळली.

दुपारी बाराला स्वीडनच्या धक्क्याला दोर लागला. कुणीतरी घोंगड्या आणल्या, कुणीतरी कॉफी. इसिडोरला उभंही राहवेना, तरी तो टेरकेलचा हात सोडेना.

टेरकेल परत बोटीत उतरला आणि इंजिनचा दिवा पेटवू लागला. मिना काठावर वाकली.

"काका, माझी मावशी अजून माळ्यावरच आहे. पुढच्या रविवारी आणाल ना तिला?"

टेरकेलने वर सूर्याकडे पाहिलं.

"पुढच्या कशाला, पोरी? हा अजून संपलाय कुठे!"