पिवळा बेडूक, जांभळं फूल

भाताची रोवणी चाललेल्या बांधीजवळून कोणी नवखा गेला, की बाया रोपांची पेंढी त्याच्या पायापुढे ठेवतात. काही दिल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. साकोलीजवळ दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर अश्विन असाच अडकला. खिशात फक्त मोबाईल.

"काही नसन तं गाणं म्हना, बाबू," त्यांच्यातली शकुनबाई म्हणाली.

गाणं त्याला येत नव्हतं. त्याने फोटो दाखवला — विरघळत्या बर्फातून वर आलेलं जांभळं फूल. "क्रोकस. केशराच्या जातीचं, पण रानटी." बल्गेरियात तो याच फुलांवर पीएच.डी. करत होता, सुट्टीत घरी आला होता.

शेतमालकाची मुलगी प्रतीक्षा कोपरापर्यंत चिखलात होती. बीएस्सी झाल्यापासून घरीच. तिने फोटो नीट पाहिला, मग पाण्याकडे बोट केलं. तिथे हळदीसारखा पिवळा बेडूक गालाखालच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत होता.

"तुमचं वरून जांभळं, आतून पिवळं. आमचा अंगानं पिवळा, गालाले निळा. दोघंबी कितीतरी महिने मातीतच."

"फूल ओरडत नाही पण."

"म्हणून तं कोणी त्याच्याजवळ जात नाही."

बाया हसल्या. त्यांनी पेंढी उचलली... तो मात्र हलला नाही.

मग तो रोजच येऊ लागला.

"आता कायले येता?"

"बेडूक पाहायला."

"बेडूक तं बोडीच्या पाण्यात गेले."

"मग... इथंच थांबतो."

रविवारी वरठीच्या कारखान्यातला मुलगा तिला पाहायला येणार होता. अश्विनचं विमान सोमवारी. हा काही बोलेल की नुसताच थांबेल, याचा अंदाज ती वाकून, रोपं खोचत, तिरक्या नजरेने घेत राहिली. शेवटी मान वर न करताच म्हणाली,

"रविवारी मले पाहाले येऊन राहिले. वरठीचे."

अश्विनने छत्री तिच्याकडे झुकवली.

"तुमचं काय म्हणणं?"

"मले कोणी विचारलंच नाही."

"मी विचारलं तर? तिकडे थंडी फार आहे. भाषा वेगळी. भीती वाटेल."

"आत्ताच वाटून राहिली. तरी विचारा."

त्याने विचारलं — बायांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

प्रतीक्षा हात धुऊन धुऱ्यावर चढली.

"बाबा घरीच आहेत, चला. रविवारची वाट पाहाल, तं वरठीवाल्यांचा चहा मलेच करावा लागन."