मातीनंतरचा ओबिएरो

मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून न्दानूनं ते दगडाखाली दाबलं. तळ्यावरच्या वाऱ्यानं ते लगेच उडवलं... आणि एका अनोळखी हातानं झेललं.

"धरू इथं?"

"धरा. पण हलू नका हं!"

"मी? मला कुठं जायचंय आता!" तो हसला. डोळे असे, की बघणारीनं आकडाच विसरावा. न्दानू विसरली.

ती किसुमू नगरपालिकेची नवी वास्तुकार, दूर माचाकोसहून आलेली. मासळीबाजाराची ही इमारत तिची पहिलीवहिली. जीव अडकला होता पोरीचा त्यात. पट्टी झेलणारा तो ओबिएरो रोज यायचा, पट्टी धरायचा, चेष्टा करायचा. "एवढ्या मोठ्या खिडक्या? मासे पळून जातील, बाई!" ती खोटंखोटं रागवायची. तो गेला की दिवस कसा अळणी व्हायचा.

पण काहीतरी विपरीत होतंच. तो आला की गवंडी गप्प व्हायचे. त्याच्या "कसं काय?"ला कोणी ओ देत नसे. एकदा तर वाळूची हातगाडी सरळ त्याच्या अंगावर आली, जणू तिथं कोणी नाहीच! तो मुकाट बाजूला झाला. 

"मावशी, तो ओबिएरो..." तिनं मासे तळणाऱ्या आकेयोला विचारलं.

आकेयोचा झारा थांबला. "अगं बये! बोलतेस त्याच्याशी? त्याची माती झालीय. होडी उलटली, प्रेत सापडलं नाही, म्हणून रिवाजाप्रमाणं प्रेताच्या जागी यागोच्या झाडाचं फळ पुरलं आम्ही."

"पण तो तर जिवंत आहे!"

"परत आलंय खरं काहीतरी. पण आमचं रडून झालं होतं गं. मातीनंतर आलेल्याचा हात धरला, की आपणही गावाला मेलो."

संध्याकाळी तिनं त्यालाच विचारलं, "तू... मेलायस?"

"आईच्या अंगणात थडगं आहे माझं. तिनं दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. कधीकधी मलाच खात्री वाटत नाही, न्दानू. तू 'धरा' म्हणालीस ना, तेव्हा वाटलं... आपण असू बहुतेक."

दुसऱ्याच दिवशी ओगूता मुकादमानं बजावलं, "तो पुन्हा दिसला, तर माझा एक माणूस भिंतीला हात लावणार नाही." न्दानूनं काळजावर दगड ठेवला. "येऊ नकोस," म्हणाली. तो आला नाही. भिंती चढल्या, छप्पर बसलं, आणि तिची झोप उडाली.

उद्घाटनाला अख्खा काठ लोटला. पहिलं पाऊल तिनं टाकायचं होतं. तेवढ्यात दूर, लव्हाळ्यांत तो उभा दिसला. न्दानू गर्दी चिरत निघाली आणि तिनं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. हात गारठलेला, तळ्याच्या तळासारखा... मग हळूहळू तिच्या मुठीत तो ऊबदार होत गेला. तसंच ओढत तिनं त्याला दारातून आत नेलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. "मुकादम!" तिनं हाक मारली. त्याची नजर तिच्यातून आरपार गेली. आकेयो शेजारून गेली, तीही थांबली नाही.

"काय करून बसलीस, वेडे!" ओबिएरो म्हणाला. "आता तूही..."

"तुला दिसते ना मी?"

"तूच तर दिसतेस..."

"मग झालं तर!"

दोघं भरल्या बाजारातून चालू लागली. कोणी वर पाहिलं नाही. गर्दी मात्र त्यांच्यापुढं आपोआप दुभंगत गेली.